मोडलेल्या धुऱ्याची जागा

भाड्याचं घर सोडताना मालकाच्या हातात किल्ली दिली की झालं. ठेक्याचं शेत सोडताना काय द्यायचं, हे साठीला टेकेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. धान पोत्यात भरून आणता येतं, अवजारं उचलून घरी नेता येतात, शेत मात्र होतं तिथंच राहतं. आपण फक्त जायचं बंद करायचं. मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं, की धानामागून येणारी लाखोळीची डाळ निघाली की एका सकाळी शेतावर जायचं नाही, आणि तेच आपलं परत करणं. इतकं सोपं असतं तर हे लिहायला बसले नसते.

शेत तिरोड्याहून बोदलकसाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे, चार एकरांच्या थोडं वर. आम्ही नवराबायकोनं ते एकवीस वर्षं ठेक्यानं केलं. मालक पोवार समाजाचे, गावातले जुने शेतकरी. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो आणि त्यांची मुलं मला काकी म्हणायची. मुलं तीन. मोठा नागपूरला नोकरीत, धाकट्याचं गोंदियाला दुकान, आणि मुलगी बालाघाटकडे दिलेली. तिघंही शिकायला लहानपणीच बाहेर पडली. त्यांच्यापैकी एकाच्याही पायाला धानाच्या रोवणीचा चिखल लागलेला मी पाहिलेला नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. बरं, थोडं टोमणा म्हणूनही लिहिते.

काकाजी गेल्या थंडीत गेले. फार आजारी नव्हते. सकाळी अंघोळीला पाणी मागितलं आणि पाणी तापेपर्यंत थांबले नाहीत. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि आठ दिवसांनी मोठ्या मुलाचा फोन आला.

"काकी, तुमी आता या सालापुरतंच करा. आमी वाटे करून घेऊन राहिलो."

मी म्हटलं, "लाखोळी उभी हाय. ते निघाली की तुमचं तुमाले."

बोलणं एवढंच झालं. आमच्यात कागद कधी नव्हताच. दरवर्षी अकितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला काकाजींच्या ओट्यावर बसायचं, चहा प्यायचा, आणि "करा मंग यंदाही" असं ते म्हणाले की वर्ष पक्कं व्हायचं. अशा शेतावर हक्क सांगायचा नसतो, हे मला कळत होतं. फोन ठेवल्यावर मी रडले मात्र. काकाजींसाठी रडले की शेतासाठी, हे मी तेव्हा तपासून पाहिलं नाही.

काकाजींनी वाटणी लिहून ठेवली होती. तिथंच सगळा घोळ झाला.

आमच्याकडे धानाचं शेत म्हणजे बांध्या. चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला, पाणी धरून ठेवणारा एकेक तुकडा म्हणजे एक बांधी. एकरात कोणी बोलत नाही. प्रत्येक बांधीला नाव असतं, आणि ते नाव घरातल्या माणसाच्या नावासारखंच घेतलं जातं. काकाजींच्या शेताच्या मधून एक गाडीवाट जाते. तिच्या डाव्या हाताच्या बांध्या वेगळ्या. उजव्या हाताला वर एक बोडी आहे. बोडी म्हणजे शेतकऱ्याचं स्वतःचं लहानसं तळं, मातीची पाळ घालून अडवलेलं. तिच्या खाली एकीखाली एक अशा चार बांध्या होत्या. सगळ्यात वरची मोहाची, कारण तिच्या कडेला मोहाचं झाड. तिच्याखाली खापरी, नांगराला सारखे खापराचे तुकडे लागायचे म्हणून. तिसरी बैलबुडी. काकाजींच्या आजोबांचा बैल तिथं पोटापर्यंत चिखलात रुतला होता आणि सहा माणसांनी दोर लावून त्याला काढला होता. चौथी आणि शेवटची लांबोळी, तिचं कारण सांगायची गरज नाही.

काकाजींच्या कागदावर तीन ओळी होत्या. डाव्या हाताच्या साऱ्या बांध्या मोठ्याला. मोहाची आणि खापरी धाकट्याला. बैलबुडी आणि लांबोळी बाईला, म्हणजे मुलीला. खाली सही आणि दोन साक्षीदार. मुलीचं नाव त्यात असेल, असं भावांना वाटलं नसावं. पण बापाच्या हातचं लिहिलेलं होतं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

फक्त एक अडचण होती. त्या चार बांध्या आता नव्हत्याच. आम्ही मोडल्या होत्या.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ह्यांनी बैल विकले आणि भाड्याचा ट्रॅक्टर सांगायला सुरुवात केली. लहान बांधीत ट्रॅक्टर नांगरण्यापेक्षा वळण्यातच जास्त वेळ घालवतो. ह्यांनी काकाजींना विचारलं, मधले धुरे काढू का. काकाजींनी दोन दिवस घेतले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काढा. मले काय, शेत तं तेवढंच राहाचं हाय." मग तीन मधले धुरे फोडून चारांची एकच बांधी केली. तिला आम्ही मोठी म्हणायला लागलो. काम हलकं झालं, धानही वाढलं. धुऱ्यावरची तूर तेवढी गेली. ती मला अजून आठवते, शेंगा सोलायला संध्याकाळी ओट्यावर बसायचो.

काकाजींच्या तोंडून मात्र जुनी नावं गेली नाहीत. "बैलबुडीत पानी हाय का?" ते विचारायचे आणि मी "हाय जी" म्हणायचे. त्यांच्या डोक्यात धुरे जिथल्या तिथं उभे होते. त्यांनी कागद लिहिला तो डोक्यातलं शेत बघून. आणि आम्ही धुरे काढताना कुठं दगड पुरून ठेवावा, एवढी अक्कल आम्हाला सुचली नाही. ही चूक आमची, ती मी कबूल करते.

मोठा मुलगा तलाठ्याकडे जाऊन आला. सातबारावर सगळ्या शेताचा एकच गट. नकाशात बाहेरची हद्द असते, आतले धुरे सरकारला माहीत नसतात. तलाठ्यानं विचारलं म्हणे, बैलबुडी हे कोणाचं नाव आहे. तेव्हा कुठं तिघांना माझी आठवण झाली.

एका रविवारी दुपारच्या आधी तिघं शेतावर आली. लाखोळीला निळी फुलं लागली होती. ती धान कापायच्या आधी उभ्या धानातच फेकलेली असते, आणि धान निघालं की उरलेल्या ओलीवर वाढते. मोठ्याच्या हातात प्लास्टिकच्या फाइलमध्ये तो कागद होता. धाकटा काळा चष्मा लावून गाडीवाटेवर उभा होता, बूट खराब होऊ नयेत म्हणून खाली उतरत नव्हता. मुलगी पहाटेच्या गाडीनं आली होती आणि हातात डबा घेऊन होती. आमचे हे धुऱ्यावर उकिडवे बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते.

मोठ्यानं विचारलं, "काकी, बैलबुडी कोनती?"

माझी छाती फुगली, लपवत नाही. एकवीस वर्षांत त्या घरातल्या मुलांनी मला इतक्या आदरानं काही विचारलं नव्हतं. शिकलेली तीन माणसं, त्यांच्या फाइली, मोबाइल, आणि उत्तर होतं ते माझ्याकडे.

खरं तर धुरा एकच ठरवायचा होता. खापरी संपते आणि बैलबुडी लागते तो. त्याच्या वर धाकट्याचं, त्याच्या खाली मुलीचं. आणि त्या धुऱ्याच्या जागेला महत्त्व होतं ते पाण्यामुळे. बोडीतून एक नाली शेताच्या कडेनं खाली येते. तिच्यातून पाणी मोठीत घ्यायला आम्ही एकच सिमेंटचा पाइप बसवला होता, साधारण मधोमध. पाइपाच्या पुढे नालीच नाही, कारण तिथून ती कडची पट्टी शेजाऱ्याची लागते. म्हणजे पाइप ज्याच्या वाट्यात पडेल, पाणी त्याच्या हातात. पाऊस लांबला की आधी त्याची बांधी भरणार, मग त्यानं सोडलं तर दुसऱ्याची. धानात आठ दिवस इकडचे तिकडे झाले की पीक हातचं जातं, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

हे धाकट्यालाही ठाऊक होतं, चष्मा असला तरी. मी खाली उतरायला निघाले तेव्हा तो बाजूला आला आणि हळूच म्हणाला, "काकी, जरा सोच समझ के दिखाना. पाइप माह्याकडं आला तं हे शेत पुढंही तुमीच करा. मी थोडी येनार हाव रोवना लावाले."

माझं डोकं फिरलं. बहिणीचं पाणी तोडायला हा मला माझ्याच शेताची लालूच दाखवत होता. आणि हळूच दाखवत होता, म्हणजे बोलायला लाज वाटते एवढं तरी त्याला कळत होतं. मी आवाज चढवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊ, मी डोळे मिटून दाखवते तुमाले. एकवीस वर्सं चालली मी इथं."

चपला काढल्या आणि लाखोळीत उतरले. धुऱ्याच्या टोकाला पूर्वी पळसाचं झाड होतं, ते केव्हाच गेलं. पण त्या पळसाखाली बसून मी भाकर खायची तेव्हा समोर काय दिसायचं, ते मला पाठ होतं. शेजाऱ्याच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीचा कोपरा आणि पलीकडचा मोह एका रेषेत यायचे. मी मागेपुढे झाले, रेष जुळवली, आणि पाय रोवून उभी राहिले.

"इथं," मी म्हटलं. "ह्या रेषेत. इथून वर खापरी, इथून खाली बैलबुडी."

चार काड्या सरळ रोवल्या. पाइप काड्यांच्या खाली होता, म्हणजे मुलीच्या वाट्यात. दहा पावलांनी तरी आत. धाकट्यानं चष्मा काढून पाइपाकडे पाहिलं आणि परत लावला. मोठ्यानं काड्यांचे फोटो काढले आणि म्हणाला, "चला, झालं एकदाचं." मुलीनं डबा उघडून सगळ्यांना पराठे दिले, मला दोन जास्त.

सोमवारी अकरा वाजता तहसीलला जाऊन वाटणीचा कागद करायचं ठरलं. तिघं रात्रीपुरती काकाजींच्या घरीच थांबली.

मी दिवसभर हवेत होते. शेजारणीला सांगितलं, दुकानात सांगितलं, दळण आणायला गेले तिथं सांगितलं, की मुलीचं पाणी कसं वाचवलं. सांगताना दरवेळी माझा आवाज थोडा मोठा आणि धाकट्याचा चेहरा थोडा लहान होत गेला. आमचे हे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एवढी काऊन तापली होतीस?"

"तापनार नाई तं काय? मले लालूच देऊन राहिला होता तो."

त्यांनी मान हलवली आणि खर्ऱ्याची पुडी शोधायला लागले. आमच्या ह्यांना काही सांगायचं नसलं की पुडी सापडत नाही.

सोमवारी सकाळी मी शेतावर गेले ती भाजीसाठी. लाखोळीचे कोवळे शेंडे खुडून मुलीला बालाघाटला न्यायला द्यायचे होते. बापाच्या शेतातली शेवटची भाजी, एवढाच विचार. टोपलीभर शेंडे खुडून झाले. दवानं लाखोळी भिजलेली होती, लुगडं आणखी ओलं होईल म्हणून परतताना मी कडेनं न जाता बोडीच्या पाळीवर चढले. वरून सहज खाली पाहिलं.

हिरव्या निळ्या पिकात तीन पिवळट पट्ट्या दिसत होत्या. आडव्या, सरळ, केसांतल्या भांगासारख्या. मला कळायला वेळ लागला नाही. धुरा जिथं पिढ्यान्‌पिढ्या बसलेला असतो तिथली खालची माती दाबून घट्ट झालेली असते. वरचा धुरा काढला तरी ती मोकळी होत नाही, ओल धरत नाही. धानात हे दिसत नाही, कारण धान पाण्यातच उभं असतं. लाखोळी उरलेल्या ओलीवर जगते, म्हणून तिला तिथं आधी तहान लागते. यंदा पाऊस लवकर उघडला होता, म्हणून पट्ट्या इतक्या स्पष्ट उठल्या होत्या. मोडलेले तिन्ही धुरे पिकानं आपणहून काढून दाखवले होते.

आणि मधली पट्टी माझ्या काड्यांवर नव्हती. ती खूप खाली होती.

मी उतरले, काड्यांपासून पट्टीपर्यंत पावलं मोजली. पंधरा भरली. पुन्हा मोजली, जरा मोठी टाकून. तरी चौदा. पाइप पट्टीच्या वर राहत होता, पाच पावलं वर. म्हणजे तो धाकट्याच्या वाट्यात होता. काकाजींनी लिहिलेली बैलबुडी पाइपाच्या खाली सुरू होत होती.

मोह आणि मोटारीची खोली यांची रेष मी बरोबर जुळवली होती, पण ती खोली शेजाऱ्यानं मध्यंतरी पाडून पुन्हा बांधली होती. वीस फूट वर बांधली. हे मला माहीत होतं. बांधली तेव्हा मी त्यांच्याकडे चहाही प्यायले होते. आदल्या दिवशी ते मला आठवलं नाही, एवढंच.

मी खोटं लिहिणार नाही. पाळीवर परत चढून मी बराच वेळ उभी राहिले. पहिला विचार आला तो असा, की हे वाचता येणारं माणूस या गावात माझ्याशिवाय नाही. महिनाभरात लाखोळी निघेल, पट्ट्या जातील. काड्या आहेत तिथं राहतील आणि मुलीला पाणी मिळेल. त्यात वाईट कोणाचं होतं? ज्यानं मला विकत घ्यायला पाहिलं त्याचं. दुसरा विचार त्याहून वाईट होता. मी आता धुरा खाली सरकवला तर पाइप धाकट्याला जाणार, आणि आख्खं गाव म्हणणार की काकीला शेत मिळालं म्हणून काकी फिरली. काल मी दळणाच्या रांगेतही सांगून आले होते.

तेवढ्यात हे सायकल घेऊन आले. पाळीवर माझ्या शेजारी उभे राहिले आणि खाली बघत राहिले.

"तुमाले ठाऊक होतं?" मी विचारलं.

"धुरा मीच मोडला ना."

"मंग काल काऊन नाई बोलले?"

"तू बोलून राहिली होतीस."

मग तेच म्हणाले, "मले वाटलं तू मुद्दाम करून राहिलीस. पोरीसाठी. मंग मी कायले मधात पडू?"

मी मुद्दाम केलं नव्हतं. हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगताना मलाच ते कमी खरं वाटलं. माझं सारं आयुष्य मी तोंडावर खरं बोलणारी म्हणून काढलं. भांडणं केली ती त्याच जोरावर, आणि काकाजींनी एकवीस वर्षं कागद न करता शेत दिलं तेही त्याच जोरावर. ते गेल्यावर दोन महिन्यांत मी त्यांच्या हातची ओळ पंधरा पावलं सरकवली असती, तर मग मी कोणत्या तोंडानं भांडणार होते? मी भाजी तिथंच ठेवली आणि गावात गेले.

तिघं अंगणात चहा घेत होती. मी म्हटलं, "तहसीलले मंग जाजा. आधी बोडीवर चला."

धाकटा म्हणाला, "अब क्या हो गया काकी?"

"चला तं खरं."

पाळीवर त्यांना ओळीनं उभं केलं आणि पट्ट्या दाखवल्या. आधी मोठ्याला दिसल्या, मग मुलीला. धाकट्याला चष्मा काढल्यावर दिसल्या. माती घट्ट का होते, लाखोळी पिवळी का पडते, सगळं सांगितलं. शेजाऱ्याच्या खोलीचंही सांगितलं. मग म्हटलं, "काल मी चुकली. धुरा तिथं हाय, काड्या हायेत तिथं नाई. पाइप लहान भाऊच्या वाट्यात जाते."

धाकटा हसला. फार नाही, ओठाच्या एका बाजूनं. "मैं तो बोल ही रहा था," तो म्हणाला. "मंग काकी, शेत तुमीच करा आता. आपलं ठरलंच होतं."

मला हेच हवं होतं की काय, असं मला क्षणभर वाटलं. पाइप त्याच्याकडे गेला होता, म्हणजे शेत माझ्याकडे आलं होतं. त्या शेताच्या मातीचा वास मला माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त ओळखीचा आहे. पण मी शब्द शोधत बसले नाही.

"आपलं काहीच ठरलं नव्हतं भाऊ," मी म्हटलं. "लाखोळी काढली की मी या शेतात पाय ठेवत नाई. तुमच्या वाट्यातही नाई आन कोनाच्याही नाई."

"अरे, गुस्सा कायले करून राहिल्या?"

"गुस्सा नाई. उद्या लोकं म्हनतील, काकीनं शेतासाठी धुरा सरकवला. मले ते ऐकाचं नाई. आन अजून एक. पाइप दोघांचा, असं कागदावर लिहा. धुरा बापानं लिहिला तिथं राहू द्या, पन पाइप बापानं बसवला नाई. तो आमी बसवला. ठेकेदारानं बसवलेला पाइप मी दोघाले देऊन राहिली."

हा मुद्दा मला तिथल्या तिथं सुचला होता आणि मला अजूनही तो बिनतोड वाटतो. वकिलाला विचारलं तर तो हसेल कदाचित. पण तिथं वकील नव्हता, मी होते.

मग भावंडं आपसात पोवारीत, त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागली. मला पोवारी सगळी कळते आणि हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ती भांडली ती जरा जपूनच. धाकट्याचं म्हणणं, पाणी तर बहिणीला देऊच, त्यात लिहायचं काय. मोठ्याचं म्हणणं, लिहायला काय जातं. मग धाकटा म्हणाला, तिला बालाघाटहून येऊन शेती थोडीच करायची आहे, दोन बांध्या सोडून दे म्हणावं, दिवाळीला साडी घेऊन येऊ. इतका वेळ गप्प असलेली मुलगी तेव्हा एकदाच बोलली. आवाज चढवला नाही. तिनं सांगितलं, बांध्या मी सोडणार नाही, करीन किंवा ठेक्यानं देईन, पण नाव माझंच राहील. एवढं बोलून ती पुन्हा पट्ट्यांकडे बघत राहिली.

शेवटी मोठ्यानं फाइल मांडीवर घेऊन लिहिलं, पाइप दोघांचा, पाणी एक दिवसाआड. धाकट्यानं एकदा बोडीतल्या पाण्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "लिख दो, लिख दो."

मी खाली उतरले. चारही काड्या उपटल्या, पट्टीवर आणून रोवल्या आणि या वेळी प्रत्येक काडीच्या बुडाशी एकेक दगड मातीत दाबला. ह्यांनी धुऱ्यावरून दगड आणून दिले. काम झाल्यावर मी हात झटकले आणि तिघांना म्हटलं, "घ्या. तुमचं शेत तुमच्या हवाली." परत करणं म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं. जसं घेतलं तसं दाखवून देणं. अभिमान वाटला मला, आजही वाटतो.

भाऊ गाडी काढायला पुढे गेले. मुलगी माझ्याबरोबर गाडीवाटेनं चालत आली. सकाळी ठेवलेली भाजी मी तिच्या पिशवीत भरली. कालपासून जे बोलायचं होतं ते तेव्हा बोलले.

"बाई, तुयी पंधरा पावलं गेली माह्यामुळं. काल देल्ली आन आज घेतली. मनाले लावून घेऊ नको."

"गेली नाई काकी," ती म्हणाली. "ते माही नव्हतीच. बाबुजीनं जेवढी देल्ली तेवढी हायेत, तेवढी मले पुरे." मग पिशवी खांद्याला अडकवत तिनं सहज विचारलं, म्हणजे अगदी मायेनं विचारलं, "काल तुमी माह्यासाठी किती भांडल्या. तुमच्या माहेरीही शेती हाय ना, केशोरीकडं? तुमच्या वाट्याले किती आल्या बांध्या?"

मी उभी राहिले. आदल्या दिवशी मला त्या मोटारीच्या खोलीचा विसर का पडला, माझा पाय पंधरा पावलं वर का गेला, ते मला तेव्हा समजलं. खोटं बोलायची सोय होती. ती बालाघाटला जाणार होती, तिला कोण सांगणार होतं?

"एकही नाई," मी म्हटलं. "माहे भाऊ कागद घेऊन घरी आले होते. मी सही करून देल्ली, आन वरून त्यांच्यासाठी चहाही मीच ठेवला."